फणस, शुगर आणि ताटातली जागा

एप्रिलच्या शेवटाला फणस पिकायला लागले की आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. एकात असतं की डायबेटिसवाल्यांनी फणसाकडे बघूसुद्धा नये, साखरेचं पोतं आहे ते. दुसऱ्यात असतं की फणस हे डायबेटिसवरचं रामबाण औषध आहे, केरळात सिद्ध झालंय, सगळ्यांना पाठवा. आणि मग आत्याचा फोन येतो. ती कणकवलीच्या पुढे गावात राहते, शुगर बरीच वर्षं आहे, गोळ्या चालू आहेत, आणि घरामागे फणसाची तीन मोठी झाडं आहेत. तिचा प्रश्न सरळ असतो, खाऊ की नको?

मला हा प्रश्न खूप महत्त्वाचा वाटतो. कारण कोकणात ज्या बाईच्या दारात फणस आहे तिला "खाऊ नका" एवढंच सांगून पाठवणं म्हणजे तिला काहीच न सांगण्यासारखं आहे, ती खाणारच आहे, फक्त आता चोरून खाणार आणि मनात धाकधूक ठेवून खाणार. आणि "औषध आहे, खा" असं सांगणं तर त्याहून वाईट, कारण त्यावर विश्वास ठेवून गोळी सोडणारी माणसं मी बघितलीयत. म्हणून मी गेली काही वर्षं यावर जमेल तेवढं वाचत आलोय, डॉक्टरांना विचारत आलोय, आणि आत्याबरोबर बसून तिच्या मशीनवर आकडे बघत आलोय. ते सगळं एकदा सविस्तर लिहून काढायचं होतं.

पहिली गोष्ट म्हणजे फणस हे एक खाणं नाहीच, ती दोन-तीन वेगवेगळी खाणी आहेत जी एकाच झाडावर लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये जी छोटी कोवळी कुयरी आपण भाजीला काढतो ती एक भाजी आहे. एप्रिल-मेमध्ये पूर्ण वाढलेला पण न पिकलेला फणस, ज्याचे गरे अजून पांढरट आणि करकरीत आहेत, तो जवळजवळ धान्यासारखा आहे. आणि मे-जूनमधला पिकलेला, ज्याचा वास पडवीतून आतल्या खोलीपर्यंत येतो, ते फळ आहे. तिन्हीचा रक्तातल्या साखरेवर होणारा परिणाम वेगळा आहे आणि मेसेज पाठवणारे लोक हे तिन्ही एकाच शब्दात गुंडाळतात, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आकडे बघा. कोवळ्या फणसात 100 ग्रॅममागे कर्बोदकं म्हणजे कार्ब्स साधारण 9 ग्रॅम असतात. पिकलेल्या गऱ्यात तेच 20 ते 23 ग्रॅम, आणि त्यातला बराचसा भाग थेट साखर, फायबर मात्र दीडेक ग्रॅमच. तुलनेला, आंब्यात 100 ग्रॅमला 15-16 ग्रॅमच्या आसपास कार्ब्स असतात, म्हणजे वजनाला वजन धरलं तर पिकलेला फणस आंब्यापेक्षा जड पडतो आणि केळ्याच्या जवळ जातो. हे आमच्याकडे कुणाला सांगितलं तर पटत नाही कारण आंब्याची बदनामी जास्त झालीय. शिजलेल्या भातात 100 ग्रॅमला 28 ग्रॅमच्या आसपास असतात.

आता झाडावर नेमकं काय होतं ते मला फार सुंदर वाटतं. फणस वाढतो तेव्हा झाड पानांत तयार झालेली साखर फळात आणून स्टार्चच्या रूपात साठवत असतं. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. त्या गोड लागत नाहीत, म्हणून कच्चा गरा चवीला फिका. मग फळ पिकायला लागलं की त्यातली एन्झाइम्स या साखळ्या तोडतात आणि त्यातून ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज मोकळं होतं. म्हणजे पिकणं हे एका अर्थी पचनच आहे, जे काम आपल्या आतड्यात व्हायचं ते फळाने आधीच करून ठेवलेलं असतं. म्हणून पिकलेला गरा खाल्ला की साखर रक्तात पटकन येते, आणि कच्च्या गऱ्यातला स्टार्च आधी तुटावा लागतो, त्यातला काही भाग तर लहान आतड्यात तुटतच नाही, तसाच पुढे मोठ्या आतड्यात जातो आणि तिथल्या बॅक्टेरियांचं अन्न होतो. त्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. मात्र कच्चा म्हणजे बिनसाखरेचा असा अर्थ कुणी काढू नये, शिजवलेला स्टार्चही शेवटी ग्लुकोजच होतो, फक्त प्रमाण आणि वेग वेगळा. उकडलेले कच्चे गरे पोटभर खाल्ले तर शुगर वाढतेच.

आणि "नैसर्गिक साखर आहे, तिने काही होत नाही" हे जे वाक्य आहे ना, ते मला मनापासून खोडून काढायचंय. रक्ताला ती साखर झाडावरून आली की कारखान्यातून हे कळत नाही. ग्लुकोज ते ग्लुकोज. अख्ख्या फळाचा फायदा असतो तो त्यातल्या फायबरचा, पाण्याचा, आणि चावून खावं लागतं म्हणून सावकाश खाल्लं जातं याचा. बरक्या, म्हणजे मऊ रसाळ गऱ्यांच्या, फणसाचा रस काढला की त्यातला बराच फायदा गेला.

फणस फोडणं हे आमच्याकडे एकट्याचं काम नसतं. आत्या अंगणात जुनं गोणपाट अंथरते, हाताला कोपरापर्यंत खोबरेल तेल लावते, कोयत्याच्या पात्यालाही लावते, आणि मग फणस आडवा ठेवून मधोमध चिरते. चिरल्या चिरल्या पांढरा चीक सुटतो, तो ती नारळाच्या सुकलेल्या सोडणाच्या पिंज्याने गोल गोल फिरवून टिपून घेते, घाई केली तर तो गऱ्यांना लागतो आणि मग हातावरून दोन दिवस जात नाही. मग मधला दांडा तासून काढायचा, की उरलेला भाग उलटा करून दाबला की गरे आपोआप वर येतात. कापा, म्हणजे करकरीत गऱ्यांचा, असेल तर गरा सुटतो कसा, टकाटक, पिवळाधमक. बरका असेल तर बोटातून निसटतो. आणि इथेच खरी अडचण आहे, कारण साफ करणारा माणूस मोजून खात नाही. एक गरा साफ करून ताटात, एक तोंडात, असं चाललेलं असतं, आणि तासाभराने जेवायला बसताना कुणालाच आठवत नाही की आपण किती खाल्ले. आत्याचंही तेच. तिला विचारलं तर म्हणायची, "मी काय अख्खो फणस खातंय?" अख्खा नाही, पण पंधरा-वीस गरे साफ करता करता सहज जातात.

आमच्या घरच्या काट्यावर मध्यम कापा गरा, आठळी काढून, 25 ते 30 ग्रॅम भरतो. म्हणजे चार गरे झाले की 100 ग्रॅम, म्हणजेच 20-23 ग्रॅम कार्ब्स, म्हणजे साधारण एक चपाती किंवा लहान वाटीभर भात. हे एवढं गणित डोक्यात बसलं ना की अर्धी भीती तिथेच जाते. वीस गरे म्हणजे पाच चपात्या, त्याही जेवणाआधी, मग वर जेवण. त्यात शुगर वाढली तर फणसाला दोष देऊन काय उपयोग.

ग्लायसेमिक इंडेक्सबद्दल पण बोलायला हवं कारण लोक तो आकडा फेकून मोकळे होतात. इंडेक्स सांगतो की ठराविक कार्ब्स असलेलं खाणं शुद्ध ग्लुकोजच्या तुलनेत साखर किती वाढवतं. पण तुम्ही किती खाल्लं हे तो सांगत नाही. त्यासाठी ग्लायसेमिक लोड बघायचा, म्हणजे इंडेक्स गुणिले प्रत्यक्ष खाल्लेले कार्ब्स, भागिले 100. फणसाचा इंडेक्स जात, पिकण्याची अवस्था, शिजवणं याप्रमाणे बराच बदलतो, त्यामुळे कुणी एक आकडा ठामपणे सांगितला की मी सावध होतो. लोड मात्र आपल्या हातात आहे. चार गऱ्यांचा लोड मध्यम, वीस गऱ्यांचा कुठल्याही फुटपट्टीने जास्तच.

मागच्या हंगामात आत्याकडे होतो तेव्हा आम्ही एक गोष्ट करून बघितली. तिच्याकडे बोटाला टोचून शुगर बघायचं मशीन आहे, पण ते फक्त सकाळी उपाशीपोटी वापरलं जायचं. मी म्हटलं जेवल्यावर दोन तासांनी बघू. एका दुपारी तिने नेहमीसारखं जेवण केलं, भात, माशाची कढी, आणि वर गरे. दोन तासांनी आकडा 240 च्या वर. दुसऱ्या एका दिवशी दुपारचं जेवण तेच, पण गरे तेव्हा नाही, संध्याकाळी साडेचारला, चहाबरोबर जी बिस्किटं खायची ती बंद करून त्याजागी चार गरे आणि मूठभर शेंगदाणे, आणि मग विहिरीपर्यंत जाऊन येणं. दोन तासांनी 160 च्या घरात. आता ही एका बाईची गोष्ट आहे, हा काही पुरावा नाही, दुसऱ्या कुणाचं शरीर वेगळं वागेल, गोळ्या वेगळ्या असतील. पण तिला जे कळायचं ते कळलं. तिच्या चेहऱ्यावरचं ते हायसं वाटणं मी बघितलंय. इतकी वर्षं तिला फणस म्हणजे गुन्हा वाटायचा आणि आता तिला कळलं की गुन्हा फणसात नव्हता, भातावर फणस घेण्यात होता.

आणि मला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. फणस बदलला नाही, ताटातली त्याची जागा बदलली.

आपल्या आजी-पणजींच्या काळात कोकणात फणस भाताच्या नंतर येत नव्हता, तो भाताच्या ऐवजी यायचा. पावसाच्या तोंडावर घरातलं भात संपत आलेलं असायचं, नवीन पीक यायला अजून चार महिने, मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरचा भरवसा नाही, अशा दिवसांत कच्च्या फणसाची भाजी ही तोंडी लावणं नव्हती, तेच जेवण होतं. काळे वाटाणे किंवा वाल घालून, ओलं खोबरं, सुक्या मिरच्यांची फोडणी, मोठं भांडं भरून, आणि सोबत पेज. आठळ्या मातीत किंवा राखेत घालून पावसाळ्यासाठी ठेवायच्या. केरळातही हेच, तिथे कच्चा फणस उकडून, खोबरं-जिरं वाटून लावून केलेलं पुळुक्क हे अनेक घरांत पोट भरायचं साधन होतं. श्रीलंकेत तर आर्थर डायस नावाच्या माणसाने गेल्या शतकात गावोगाव फणसाची झाडं लावायची मोहीमच काढली होती, लोक उपाशी राहू नयेत म्हणून, आणि लोक त्याला प्रेमाने फणसमामा म्हणायचे. म्हणजे या सगळ्या ठिकाणी फणस हा भाताचा पर्याय होता.

मग भात मुबलक झाला. रेशनचा, पॉलिश केलेला, पांढराशुभ्र. उकडा आणि हातसडीचा मागे पडला, नाचणी तर गरिबीची खूण म्हणून मागे पडली. शेतातली मेहनत कमी झाली, बाइक आली. आणि कच्चा फणस भाजीतून हळूहळू निघून गेला कारण सोलायला वेळ लागतो, चीक लागतो, नव्या सुनांना नको वाटतं (आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही, ते काम खरंच किचकट आहे). उरला फक्त पिकलेला, तोही पोटभर जेवणानंतर गोड म्हणून. ज्या कार्ब्सनी भाताची जागा घ्यायची ते आता भाताच्या डोक्यावर येऊन बसले.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, इंडियाब या डायबेटिसवरच्या अभ्यासाचे देशभरातले आकडे 2023 मध्ये आले, त्यात भारतात 10 कोटी 10 लाख लोकांना डायबेटिस आहे असं निघालं, म्हणजे प्रौढांत 11.4 टक्के. पण मला हादरवलं ते राज्यांच्या यादीने. सगळ्यात वर गोवा, 26.4 टक्के. केरळ 25.5. म्हणजे दर चार माणसांत एक. आपल्या या किनारपट्टीचे सख्खे शेजारी, तेच भात, तेच मासे, तेच नारळ, तोच फणस. यावरून फणसाने डायबेटिस होतो असं अजिबात निघत नाही, कारणं पुष्कळ आहेत, वय, पैसा, बसून काम, वजन. पण एवढं नक्की की दारात फणस असणं हे काही संरक्षण देत नाही. तो ताटात कुठे ठेवलाय यावर आहे. त्याच अभ्यासाच्या लोकांनी आहाराचं जे काम केलंय त्यात भारतीय माणसाच्या रोजच्या कॅलरीतल्या साधारण 62 टक्के कार्ब्समधून येतात असं दिसतं, आणि त्यातही पांढरा तांदूळ, दळलेलं धान्य आणि साखर यांचाच मोठा वाटा. फणसाचा हंगाम दोन-अडीच महिने, भात बारा महिने. मग धाक कुणाचा जास्त असायला हवा?

आता त्या केरळवाल्या मेसेजमध्ये किती तथ्य आहे ते. तथ्य आहे, पण मेसेजमध्ये असतं तसं नाही. जेम्स जोसेफ म्हणून मायक्रोसॉफ्टमध्ये मोठ्या पदावर काम केलेले गृहस्थ आहेत, त्यांनी नोकरी सोडून कच्च्या फणसाचं पीठ बाजारात आणलं, जॅकफ्रूट 365 या नावाने. या पिठावर आंध्रातल्या श्रीकाकुलमच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये चाचणी झाली आणि ती 2021 मध्ये न्यूट्रिशन अँड डायबेटिस या जर्नलमध्ये छापून आली. टाइप 2 डायबेटिसचे 40 पेशंट, दोन गट, 12 आठवडे. एका गटाला रोज 30 ग्रॅम कच्च्या फणसाचं पीठ, तेवढंच तांदळाचं किंवा गव्हाचं पीठ कमी करून, दुसऱ्या गटाला त्याच पद्धतीने दुसरं साधं पीठ, आणि कुणाला काय मिळतंय हे पेशंटला माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. फणसवाल्या गटाचं एचबीएवनसी (म्हणजे काय ते पुढे सांगतो) जवळपास पाव टक्क्याने उतरलं, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगरही उतरली, दुसऱ्या गटाचं तसं झालं नाही. या पेपरच्या लेखकांत पुण्याच्या चेलाराम डायबेटिस इन्स्टिट्यूटचे डॉ. ए. जी. उन्नीकृष्णनही आहेत.

एचबीएवनसी म्हणजे लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटलीय त्याचं माप, लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात म्हणून त्यातून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, एका दिवसाच्या पथ्याने ते फसत नाही. त्यामुळे त्यात पाव टक्का उतार ही खोटी गोष्ट नाही. पण 40 माणसं म्हणजे फार थोडी, तीन महिने म्हणजे फार थोडे, आणि लेखकांत स्वतः जेम्स जोसेफ यांचं नाव आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवायला हवं. माझ्या मते हा चांगला, आशा वाटावी असा पहिला पुरावा आहे. रामबाण वगैरे काही नाही. आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ, जी कुठल्याच मेसेजमध्ये नसते, ती ही की पीठ भाताच्या किंवा पोळीच्या ऐवजी दिलं होतं, वरून नाही. आणि सगळ्यांच्या गोळ्या चालू होत्या. परत तीच गोष्ट, ताटातली जागा.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर इथे थोडं थांबतो, कारण हे जिवाशी आहे. जे लोक इन्सुलिन घेतात किंवा शुगर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी अचानक भात बंद करून सगळी भूक कच्च्या फणसावर भागवायला सुरुवात केली तर शुगर खूप खालीही जाऊ शकते, कारण औषधाचा डोस जुन्या ताटाच्या हिशोबाने ठरवलेला असतो. घाम फुटणं, हात थरथरणं, एकदम भूक लागणं, डोकं सुन्न होणं ही लक्षणं दिसली तर लगेच साखर किंवा ग्लुकोज तोंडात टाकायचं, तेव्हा पथ्य बघायचं नाही. आणि ताट बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं. दुसरं, किडनीचा त्रास असलेल्यांसाठी फणसात पोटॅशियम बरंच असतं, पिकलेल्या गऱ्यात 100 ग्रॅमला 450 मिलिग्रॅमच्या जवळ. निरोगी माणसाला, विशेषतः बीपीवाल्याला, ते चांगलंच आहे, पण किडनी नीट काम करत नसेल तर ते रक्तात साठतं आणि हृदयाला धोका होतो. डायबेटिसवाल्यांत किडनीचा त्रास खूप जणांना असतो आणि अनेकांना तो असल्याचं माहीतच नसतं. त्यामुळे क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) आणि लघवीतलं प्रोटीन तपासलेलं नसेल तर फणसाआधी ते तपासा.

आत्याच्या शेजारणीने एकदा फणसाच्या पानांचा काढा सुरू केला होता. श्रीलंकेत 1991 मध्ये असा एक छोटा अभ्यास झालेला आहे, फणसाच्या जून झालेल्या पानांचा काढा दिल्यावर ग्लुकोज पचवण्याची क्षमता थोडी सुधारली असं त्यात दिसलं. पण तेवढ्यावर औषध बंद करून काढा पिणं हे मला अजिबात पटत नाही, आणि मी तिला तसं तोंडावर सांगितलंही.

बाकी फणसाचे जे प्रकार आपण करतो त्यात सगळ्यात जपून खायची ती फणसपोळी. बरक्याचा रस, त्यात बहुतेकदा साखर, उन्हात वाळवून पाणी काढलेलं, म्हणजे उरली ती सगळी साखर दाटून. दोन बोटांच्या तुकड्यातही बरीच साखर जाते. सांदणं पण तशीच, रसाबरोबर तांदळाची कणी आणि गूळ, डायबेटिसवाल्याने एखादंच खावं आणि त्या जेवणात भात घेऊ नये. तळलेले गरे कच्च्या फणसाचे असतात म्हणून लोकांना वाटतं चालतील, पण तळल्यावर पाणी जातं, तेल येतं, आणि हात थांबत नाही. वटपौर्णिमेला सवाष्णी वाणात आंबा आणि फणसाचे गरे देतात, त्या दिवशी घरात पाच-सात घरचे गरे जमा होतात. ते सगळे त्याच दिवशी संपवायचे नसतात, डब्यात घालून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस छान राहतात, हे आत्याला पटवायला मला वेळ लागला.

आणि आठळ्या! आठळ्यांवर माझं विशेष प्रेम आहे. 100 ग्रॅम आठळ्यांत साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, जे गऱ्यात जेमतेम दीड-दोन ग्रॅम असतं. कार्ब्सही आहेत, 25 ग्रॅमच्या आसपास, पण साखर नाही, स्टार्च, आणि त्यातला काही रेझिस्टंट. मिठाच्या पाण्यात उकडून, वरचं पांढरं साल काढून, आतलं तपकिरी पापुद्र्याचं साल मात्र ठेवून संध्याकाळी चार-पाच खाल्ल्या की पोट भरतं. गऱ्याबरोबर आठळी टाकून देणारी माणसं बघितली की मला खरंच वाईट वाटतं.

त्याहून वाईट वाटतं ते जूनमध्ये. पहिला पाऊस पडला की वाडीवाडीत झाडाखाली फुटलेले फणस पडलेले असतात, माश्या घोंगावतायत, गुरं तोंड लावतायत, उरलेलं कुजतंय. एवढं मोठं फळ, खायला माणसं नाहीत, उतरवायला माणसं नाहीत, आणि बाजारात न्यायचं तर टेम्पोभाड्याएवढेही पैसे सुटत नाहीत. आणि त्याच वेळी ठाण्याच्या दुकानात मी कच्च्या फणसाच्या पिठाचं पाकीट हातात घेऊन किंमत बघतोय. केरळाने 2018 मध्ये फणसाला राज्यफळ केलं आणि तिथे त्याच्यावर प्रक्रिया करणारे छोटे-मोठे उद्योग उभे राहिले. आपल्याकडे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण प्रोलिफिक ही कापा फणसाची जात काढलीय, म्हणजे ज्ञान आहे, झाडं आहेत, बचत गट आहेत जे कोकम आणि आंबापोळी उत्तम करतात. पण त्यांच्याकडे फणसाचं म्हणून जे विकलं जातं ते जवळजवळ सगळं गोड किंवा तळलेलं. कच्चे वाळवलेले गरे कुणी विकताना मला तरी दिसत नाही. ते पीठ इथेच झालं, इथल्याच चक्कीवर दळलं, तर इथल्या डायबेटिसवाल्यांना परवडेल, आणि मला हे होऊ शकतं याची खात्री आहे कारण त्यात चक्की सोडली तर यंत्र असं काही लागतच नाही.

आम्ही यंदा घरी केलं ते सांगतो. फणस पूर्ण वाढलेला पण पिकायला सुरुवात न झालेला घ्यायचा. काटे पसरट झालेले असतात, पण वास अजिबात येत नाही, आणि हाताने थापटलं तर भरीव ठक्क आवाज येतो. वास आला की उशीर झाला, आतला स्टार्च साखर व्हायला लागलाय. कापा असेल तर बरं. गरे काढून, आठळ्या बाजूला करून, उभे पातळ काप करायचे, उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं घालून लगेच गाळायचे, आणि कडक उन्हात जाळी टाकून वाळवायचे. चांगलं ऊन असेल तर तीन दिवसांत काप मोडल्यावर कट्कन आवाज येतो, तोपर्यंत थांबायचं, दमट राहिले तर बुरशी धरते आणि सगळं टाकून द्यावं लागतं. मग चक्कीवर दळून आणायचं. पाच भाग कणकेतला एक भाग काढून तिथे हे पीठ घालायचं, जास्त घातलं तर चपाती तुटते कारण यात गव्हासारखा चिकटपणा नाही. भाकरीत आणि घावनाच्या पिठात थोडं जास्त खपतं. आत्या घावनात घालते, नाचणीबरोबर. दर आठवड्याला ती जेवणानंतरची शुगर दोनदा बघते आणि वहीत आकड्यापुढे त्या दिवशी काय खाल्लं ते लिहिते. पुढच्या महिन्यात एचबीएवनसी करायचंय आणि ती वही घेऊनच डॉक्टरांकडे जायचं ठरलंय.